‘माझीच चूक’ म्हणून पैसे सोडू नका

वाचकाचं पत्र:

मी ४३ वर्षांची. बोरिवलीला राहते, नरिमन पॉइंटला नोकरी करते. घरी नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा आणि गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. रात्री सगळं आवरून अकराच्या सुमारास फोन हातात घेते आणि काहीतरी मागवते. पार्सल येतं तेव्हा ते उघडायचाही उत्साह नसतो. दिवाळीत घेतलेला ६,८०० रुपयांचा एअर फ्रायर दिवाणाखाली खोक्यातच आहे. अंगाला न बसणारे तीन कुर्ते आहेत, परत करायची तारीख कधीच उलटली. तीन आठवड्यांपूर्वी भाच्याच्या लग्नासाठी ‘प्युअर सिल्क हँडलूम पैठणी’ ४,२०० रुपयांना घेतली. हातात घेतल्याबरोबर कळलं, हे रेशीम नाही. ॲप म्हणतं, ही वस्तू परत घेतली जात नाही. चॅटवर दोनदा बोलले आणि सोडून दिलं. इतक्या स्वस्तात पैठणी मिळते असं समजणारी मीच मूर्ख. क्रेडिट कार्ड आणि एक ‘आता घ्या, नंतर पैसे द्या’वालं ॲप मिळून ४१,००० रुपये देणं झालंय. नवऱ्याला माहीत नाही. माझी एक छोटी आरडी आहे, ती मोडू का? आणि मला हे थांबवता का येत नाही?

– एक वाचक, बोरिवली

ताई,

तुमच्या पत्रात तीन खरेद्या आहेत आणि तिन्हींची रुखरुख तुम्ही एकाच गाठोड्यात बांधून ठेवली आहे. आधी ते गाठोडं सोडू. पैठणीत तुमची फसवणूक झाली आहे. एअर फ्रायर घेतल्यावर तुमचं मन बदललं. कुर्ते परत करायचे राहून गेले. या तिन्ही अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, पण तुम्ही तिन्हींना एकच नाव दिलंत, ‘मीच मूर्ख’. त्यामुळे ज्या ४,२०० रुपयांवर तुमचा सरळ हक्क आहे, त्यांच्यासाठीसुद्धा तुम्ही दोनदा बोलून गप्प बसलात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

ग्राहकांच्या तक्रारी वाचताना हे मला सारखं दिसतं आणि दर वेळी जीव तुटतो. ज्याला स्वतःच्या खर्चाची लाज वाटत असते, तो भांडायला उभा राहत नाही. घरात कोणाला कळू नये म्हणून तो मोठ्याने बोलत नाही, बिल शोधत नाही, तक्रार लिहीत नाही. खोटा माल विकणाऱ्याचं त्यात आपोआप फावतं. म्हणून आपण पैठणीपासून सुरुवात करू. तिथे मुदतीचाही प्रश्न आहे.

‘परत घेतली जात नाही’ हा शिक्का पाहून बहुतेक जण माघारी फिरतात. तुम्हाला रंग आवडला नाही, किंवा घेतल्यावर नको वाटली, तर तो शिक्का लागू होतो. पण ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० स्पष्ट सांगतात की वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. पानावर ‘प्युअर सिल्क’ लिहिलं आणि खोक्यातून पॉलिएस्टर निघालं, तर विषय तिथेच संपतो. राहता राहिला स्वस्ताईचा प्रश्न. खरंच, हातमागावर विणलेली अस्सल रेशमाची पैठणी या किमतीत मिळत नाही. येवल्याचा विणकर एका साडीसमोर आठवडेच्या आठवडे बसतो. पुढच्या वेळी हे जरूर ध्यानात ठेवा. पण गिऱ्हाईक किती हुशार होतं हे कायदा विचारत नाही. विकणाऱ्याने काय सांगून विकलं, एवढंच तो बघतो.

आता पुरावा. ते पान अजून दिसत असेल तर आज रात्रीच त्याचे स्क्रीनशॉट घ्या. साडीचं नाव, वर्णन, किंमत आणि विक्रेत्याचं नाव त्यात दिसलं पाहिजे. तक्रार गेली की अशी पानं बदलतात किंवा गायब होतात. बिल डाउनलोड करून ठेवा. मग साडी उजेडात पसरा आणि पदराचा फोटो दोन्ही बाजूंनी काढा. हाताने विणलेल्या पैठणीच्या पदरावरचे मोर, पोपट, कोयऱ्या मागच्या बाजूनेही जवळपास पुढच्यासारख्याच स्वच्छ दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्या त्या नक्षीपुरताच गुंफलेला असतो. यंत्रावरच्या नक्षीत मागच्या बाजूला एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत लोंबणारे धागे दिसतात, किंवा ते कातरल्याची टोकं हाताला लागतात. ‘हँडलूम’ हा दावा त्या एका फोटोने उघडा पडतो.

रेशमाची परीक्षाही घरीच करता येते. पदराच्या टोकाला सुटा असलेला एकच धागा काढा, चिमट्यात धरा आणि पेटवा. कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. रेशीम जळतं तेव्हा केस जळल्याचा वास येतो आणि राहिलेली राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. साडी मात्र कुठेही कापू नका, टॅग काढू नका, नेसून बघू नका. नाहीतर ‘वापरलेली आहे’ म्हणायला त्यांना आयतं कारण मिळेल. विक्रेता अडूनच बसला तर प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटीची प्रयोगशाळा आहे. कापडात कोणता धागा आहे, याची तपासणी तिथे शुल्क भरून होते. पण बहुतेक वेळा प्रकरण तिथवर जात नाही.

तक्रार चॅटमध्ये करू नका. चॅटवरचं बोलणं बंद झालं की हातात काहीच उरत नाही. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव व संपर्क ॲपवर द्यावा लागतो. सहसा तो अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असतो. त्याला ईमेल करा. फार लिहायची गरज नाही. असं काहीसं पुरेल:

‘अमुक क्रमांकाच्या ऑर्डरमध्ये मला “प्युअर सिल्क हँडलूम पैठणी” म्हणून विकलेली साडी रेशमाची नाही आणि हातमागाचीही नाही. तुमच्या पानाचा स्क्रीनशॉट, पदराचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि धाग्याच्या चाचणीचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. ही वस्तू जाहिरातीप्रमाणे नसल्यामुळे “परत घेतली जात नाही” ही अट लागू होत नाही. साडी तुमच्या खर्चाने घेऊन जावी आणि पूर्ण ४,२०० रुपये ज्या कार्डावरून भरले त्याच कार्डावर परत करावेत. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार ४८ तासांत या तक्रारीची पोच द्यावी.’

४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण, असं त्या नियमांतच लिहिलेलं आहे. पत्रात ‘कृपया’, ‘माझीही चूक झाली असेल’, ‘जमलं तर’ असलं काही घालू नका. रिफंडऐवजी ॲपच्या वॉलेटमध्ये पैसे किंवा कूपन देऊ केलं तर नाही म्हणा. ते पैसे पुन्हा तिथेच खर्च होणार, आणि तुम्हाला आत्ता नेमकं तेच नको आहे.

पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील तर त्याच दिवशी बँकेकडेही लेखी ‘डिस्प्यूट’ नोंदवा. सांगितलं एक आणि पाठवलं दुसरंच, अशा व्यवहारात बँकेमार्फत पैसे परत मागता येतात, पण त्याला ठरावीक मुदत असते. कंपनीच्या उत्तराची वाट बघत ती घालवू नका.

महिनाभरात काही हाललं नाही, किंवा सरळ नकारच आला, तर १९१५ वर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. त्यांना निकाल देण्याचा अधिकार नाही, पण ते तक्रार कंपनीपर्यंत नेतात, आणि पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक फार मोठं काम केलं. विक्रेता सुरतेचा असो की दिल्लीचा, तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. तुमच्यासाठी तो मुंबई उपनगर जिल्ह्याचा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे आणि तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. ४,२०० रुपयांसाठी आयोगात जायचं का, हा निर्णय तुमचा. मला विचाराल तर जा म्हणेन. याच पानावरून हीच साडी आणखी कितीतरी जणींनी घेतली असणार आणि त्याही आपापल्या घरी स्वतःला मूर्ख म्हणत बसल्या असणार.

एक धोका मात्र नीट ऐका. कंपनीचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधू नका आणि समाजमाध्यमांवर तक्रार लिहिताना आपला मोबाइल नंबर टाकू नका. चिडलेलं गिऱ्हाईक शोधत फिरणाऱ्या टोळ्या आहेत. गोड बोलून ‘रिफंड देतो’ म्हणतात, एखादं ॲप उतरवून घ्यायला लावतात किंवा क्यूआर कोड पाठवतात. पैसे मिळण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. चुकून पैसे गेलेच, तर क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आता दिवाणाखाली जाऊ.

एअर फ्रायरच्या बाबतीत कायदा तुमच्या मदतीला येणार नाही. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येतात. आपल्याकडे केवळ मन बदललं म्हणून वस्तू परत करण्याचा असा सरसकट हक्क नाही. कंपनीने स्वतःहून जी मुदत दिली असेल तेवढीच. ती तुमची संपली. मग तो इतके महिने खोक्यातच का राहिला? वापरायचा नाही हे तुम्हाला केव्हाच कळलंय, पण काढून टाकला तर ६,८०० रुपये वाया गेले हे मान्य करावं लागेल. डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही जणांना साधे कॉफीचे मग दिले आणि नंतर विचारलं, केवढ्याला विकाल? ज्यांच्याकडे मग नव्हते त्यांना विचारलं, केवढ्याला घ्याल? ज्यांच्या हातात मग होता त्यांनी जवळजवळ दुप्पट किंमत सांगितली. एकदा आपली झाली की वस्तू सोडवत नाही, मग ती खोक्यात का असेना.

मुंबईत या हट्टाची किंमत जरा जास्तच पडते. आपल्या घरांत जागेएवढं महाग काहीच नाही. त्या दिवाणाखाली सासूबाईंची जास्तीची चादर, डायपरची पाकिटं, वॉकर ठेवता आला असता. त्याऐवजी तिथे एक खोकं आहे आणि केर काढताना रोज ते तुम्हाला टोचतं. न उघडलेलं खोकं आणि मूळ बिल यांना सोसायटीच्या ग्रुपवर चांगला भाव येतो, कारण बिलावर वॉरंटी शिल्लक असते. घासाघीस फार ताणू नका. शेजारच्या विंगमधली कोणी त्यात कोथिंबीर वडी करून खाणार असेल तर साडेचार हजारालाही द्या आणि ते पैसे थेट कार्डावर भरा. कुर्त्यांचं म्हणाल तर मोठे असतील ते शिंप्याकडे द्या, लहान असतील ते देऊन टाका. त्यावर याहून जास्त विचार करू नका.

‘मला हे थांबवता का येत नाही’ हा तुमचा शेवटचा प्रश्न. पण मला वाटतं, तुमच्या पत्राचा खरा जीव तिथेच आहे.

तुम्ही एक वाक्य लिहून गेलात: ‘रात्री सगळं आवरून अकराच्या सुमारास फोन हातात घेते.’ त्याआधीचा दिवस मला दिसतो. सकाळी सासूबाईंचं करून, डबे भरून गाडी गाठायची, दिवसभर ऑफिस, परत येताना चर्चगेटला गाडीत घुसायची कसरत, आल्यावर स्वयंपाक, त्यांची कूस बदलणं, औषधं. या सगळ्यात असा एकही निर्णय नाही जो तुम्ही फक्त स्वतःसाठी घेतला. अकरा वाजता फोनवर निळा की जांभळा हे तुम्ही ठरवता. तेवढंच तुमचं. त्यामुळे तुम्हाला वस्तूची हौस आहे असं मला वाटत नाही. असती, तर पार्सल फोडायला हात शिवशिवले असते.

मेंदूच्या अभ्यासातही याच्याशी जुळणारं काही सापडतं. वोल्फ्रॅम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की एकदा सवय झाल्यावर मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी रसाचा थेंब तोंडात पडल्यावर उसळत नव्हत्या. रस मिळणार असा इशारा दिसला, की तेव्हाच उसळत होत्या. तुमचंही सुख ‘ऑर्डर झाली’ हा संदेश येतो तिथे आहे. दारात खोकं येतं तोवर ते संपलेलं असतं.

आणि त्या अकरा वाजता समोर कोण असतं? ‘फक्त २ शिल्लक’, उलटं मोजणारं घड्याळ, न मागता टोपलीत पडलेली एखादी देणगी किंवा विमा, ‘नको, मला बचत करायची नाही’ असं लिहिलेलं नकाराचं बटण. थकलेल्या माणसाला ढकलण्यासाठीच ही मांडणी केलेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ प्रकारांना ‘डार्क पॅटर्न’ ठरवून त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई, टोपलीत परस्पर वस्तू घालणं, लाज वाटायला लावणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं, सहज सुरू होणारी पण बंद न होणारी सदस्यता, हे सगळं त्यात आहे. असं काही दिसलं तर त्याचीही तक्रार १९१५ वर करता येते. सांगायचं कारण एवढंच की तुमच्या हातून जे होतंय, ते व्हावं म्हणून पलीकडे पगारी माणसं बसलेली आहेत. ‘माझ्यात काहीतरी कमी आहे’ हे मनातून काढून टाका.

तुम्ही लेडीज डब्यातून जाता, म्हणजे कानातल्यांचा पुठ्ठा हातोहात फिरताना पाहिला असेल. विकणारी तो पहिल्या बाकावर देते आणि पुढे जाते. पुठ्ठा या हातातून त्या हातात जातो. कोणी झुमका कानाला लावून बघते, समोरची म्हणते, ‘तुला नाही गं शोभत, तो मोत्यांचा बघ.’ तिसरी म्हणते, ‘असाच गेल्या महिन्यात घेतला होतास की.’ अंधेरी येईपर्यंत पुठ्ठा विकणारीकडे परत. घेतलं तर वीस-तीस रुपयांचं, नाही घेतलं तरी गंमत तेवढीच. तिथे वस्तू हातात असते आणि खरं बोलणारी माणसं शेजारी असतात. फोनवर यातलं काहीच नसतं.

म्हणून ‘आजपासून खरेदी बंद’ अशी शपथ मी तुम्हाला घालणार नाही. ती चार दिवस टिकते. त्याऐवजी मुंबईच्या मराठी घरांना माहीत असलेली एक जुनी शिस्त सुचवते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली. शेजारपाजारच्या काही कुटुंबांचा संघ करायचा, महिन्याच्या सामानाची यादी आधी भरून द्यायची, ठरलेल्या दिवशी एकदाच माल येणार आणि आपसांत वाटून घ्यायचा. तुमच्या आईकडे किंवा मावशीकडे ती यादी भरताना तुम्ही पाहिलीही असेल. साबण किती, तूरडाळ किती, याचा विचार घरात बसून, पाण्याचा घोट घेत व्हायचा. समोर दुकान नसायचं. हवं वाटणं आणि विकत घेणं यांच्यामध्ये दिवस जायचे.

तशीच एक वही करा. रात्री जे घ्यावंसं वाटेल ते टोपलीत न टाकता वहीत लिहा, तारीख आणि किंमत घालून. आणि एक रकाना जास्तीचा: घरात हे कुठे राहील? ‘बघू’ असं लिहायचं नाही. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर, असं नेमकं लिहायचं. महिन्यातून एकदा, पगारानंतरच्या रविवारी, वही उघडायची आणि एखाद्या मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवायची. ती ‘असाच गेल्या महिन्यात घेतला होतास की’ म्हणेल. उरेल ते खुशाल घ्या, अगदी आनंदाने घ्या. रात्री शोधण्याची, निवडण्याची मजा मी तुमच्याकडून काढून घेत नाही, फक्त पैसे भरण्याची वेळ दुसरी ठेवते.

त्यासाठी ॲपमध्ये जपून ठेवलेलं कार्ड काढून टाका. प्रत्येक वेळी उठून, पर्स शोधून सोळा आकडे टाकावे लागले की अर्ध्या खरेद्या पर्सपर्यंत पोचतच नाहीत. युपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून बघा, एखादी विसरलेली सदस्यता दर महिन्याला पैसे खात असेल तर तिथूनच बंद होते. आणि ‘नंतर पैसे द्या’वालं ॲप, थकबाकी भरली की खातंच बंद करा. नुसतं फोनवरून काढू नका, खातं बंद झाल्याचा ईमेल मिळवा.

आरडी? मोडा. जराही विचार करू नका. आरडीवर तुम्हाला वर्षाला सहा-सात टक्के मिळत असतील. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास खाते, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. शिवाय पूर्ण रक्कम भरली नाही की नव्या खरेदीवर मिळणारे बिनव्याजी दिवसही जातात, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. ‘किमान रक्कम’ भरत राहणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी ओतणं. आरडी मोडताना थोडा दंड कापला जाईल, जाऊ दे. आधी कार्ड पूर्ण फेडा, मग ते ॲप, आणि मग त्याच हप्त्याची नवी आरडी सुरू करा. एअर फ्रायर ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घेतला असेल तर तेही स्टेटमेंट एकदा वाचा. तिथे व्याज असतंच, विक्रेता तेवढी सूट देतो इतकंच; व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच माथी येते.

राहिले तुमचे यजमान. सांगायचं का, हे तुम्ही विचारलंच नाहीत, नुसतं ‘माहीत नाही’ एवढं लिहिलंत. सांगा. ४१,००० ही दोन पगारांच्या घरात सावरता येणारी रक्कम आहे, पण लपवलेली राहिली तर ती वाढते, कारण लपवण्यासाठी पुन्हा थकबाकीच फिरवावी लागते. आकडे कागदावर लिहून सांगा: कार्डाचे इतके, ॲपचे इतके, आरडीतून इतके फिटतील, पैठणीचे इतके परत मागितले आहेत. रडत, माफी मागत, तुकड्या-तुकड्यांनी सांगितलेल्या गोष्टीपेक्षा असा कागद ऐकणाऱ्यालाही सोपा जातो. ते चिडतील कदाचित. चिडू द्या, कागद समोर असला की बोलणं पुन्हा आकड्यांवर येतं.

आणि रात्री झोप लागत नसेल, न मागवता राहवत नसेल, मन सतत खाली जात असेल तर १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलणारी माणसं असतात. वर्षभर रुग्णाची सेवा करणाऱ्या कोणालाही असं होऊ शकतं, आणि त्यावर मदत मिळते.

यजमानांशी कर्जाबद्दल बोलण्याआधी मात्र त्यांच्याशीच आणखी एक बोलणं करायचं आहे, आणि ते वेगळ्या दिवशी. सासूबाई त्यांच्या आई आहेत. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्यांचं सगळं, जेवण, औषध, कूस बदलणं, त्यांनी बघायचं. रात्रीची शेवटची गोळी मुलाने द्यायची, कॉलेजात जाणाऱ्या मुलाला ते सहज जमतं. परवडत असेल तर रविवारी दिवसभर ब्युरोची बाई. त्या दोन संध्याकाळी तुम्ही घराबाहेर पडा, नॅशनल पार्काच्या दारापर्यंत चालत जा, मैत्रिणीकडे जा, काहीही. ही मागणी कर्जाचं सांगण्याआधी करा. कर्जाचं सांगून झालं की ‘आता मी कुठल्या तोंडाने काही मागू’ असं तुम्हाला वाटणार, आणि पैठणीचे पैसे सोडलेत तशा या दोन संध्याकाळीही सोडून द्याल.